साडेचारला निघालो तरी चालेल

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवीच्या देवळात हात जोडून उभी राहिले तेव्हासुद्धा हा विषय टाळून बाकीचंच बोलत आले—मुलांची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांसमोर खरं बोलायची वेळ माझ्यावर एकदा आली होती, आणि तेव्हा मी काय केलं तेच तर सांगायचंय.

पण आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे उगाच गैरसमज नको. मला मोघेसरांबद्दल जराही वाईट वाटत नाही. ते चिखलात आडवे पडले होते, टोपी एकीकडे आणि चष्मा दुसरीकडे—ते चित्र डोळ्यांसमोर आलं की मला आजही बरं वाटतं. साठी उलटली माझी, तरी बरं वाटतं. सूड घेतला की नंतर मन खातं असं लोक म्हणतात. माझं मन मला खातं, पण ते त्या माणसासाठी नाही.

माझं माहेर डोंबिवली पश्चिमेला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. आता तिथे बिल्डिंगी आल्यात, पण माझ्या लहानपणी आमच्या ओट्यावरून थेट पाणी दिसायचं. वडील मी तिसरीत असताना गेले. त्यानंतर आम्हाला सांभाळलं ते आईच्या धाकट्या भावाने—हिराजीमामाने. मी शिकले, डी.एड. झाले, प्राथमिक शाळेत बाई म्हणून लागले, लग्न होऊन मानपाडा रोडला दोन खोल्यांत राहायला गेले. यातली प्रत्येक पायरी मी त्याच्या कष्टांवर चढले. हे तुम्ही लक्षात ठेवा. ऐन वेळी माझ्या लक्षात राहिलं नाही.

मामा डुबी होता. डुबी म्हणजे खाडीच्या तळातून रेती काढणारा. रेतीबंदरावरून होड्या निघायच्या, खाडीच्या मधोमध नांगर टाकायच्या, आणि ही माणसं लोखंडी बादली घेऊन, बांबू धरून तळाला उतरायची. पंचवीस-तीस फूट खाली. गढूळ पाण्यात हाताला हात दिसत नाही, श्वास छातीत कोंडलेला. चाचपडत बादली भरायची, दोर हलवायचा, वर यायचं, दम घ्यायचा, पुन्हा खाली. दिवसभर हेच. पाण्याच्या दाबाने कान फुटायचे. आमच्याकडे चाळिशीचा डुबी ओळखायचा तो मान तिरकी करून ऐकतो त्यावरून. मामाचा उजवा कान पार गेला होता. डावाही वाहायचा. कल्याणच्या डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं—आता पाण्याखाली जाणं बंद करा, नाहीतर हाही राहणार नाही. बंद करून करायचं काय, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

आणि चवकी. चवकी हे आमच्या खाडीतलं लहानसं बेट—बंदरापासून होडीने तासाभरावर, ठाण्याच्या अंगाला. भोवती तिवरांची दाटी, मधे उंचवटा, उंचवट्यावर अर्धा ढासळलेला बुरूज. जुन्या काळी येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांची जकात तिथे घेत, म्हणून ते नाव. आणि त्या सगळ्या खाऱ्या पाण्याच्या मधोमध एक गोड्या पाण्याची विहीर! लहानपणी मामा मला होडीत घालून तिथे न्यायचा. मी शिक्षिका झाले तशी वही-पेन्सिल घेऊन जायला लागले. शिंप्याच्या टेपने बुरूज मोजला. म्हाताऱ्या कोळ्यांकडून ऐकलेलं लिहून काढलं. सुट्टीत ठाण्याच्या वाचनालयात जाऊन जुनी पुस्तकं चाळली. विहिरीच्या काठावर एक शिळा होती, शेवाळाने माखलेली. ती मी नारळाच्या शेंडीने घासली, कागद ठेवून वरून कोळसा फिरवला, आणि अक्षरं उमटली—‘भागी कोळीण इने विहीर बांदली.’

कोळीण! दगडात कोरलेलं! शाळेच्या पुस्तकांत मी इतका इतिहास शिकले, शिकवला, पण आमच्यातल्या एका बाईचं नाव मला पहिल्यांदा दिसलं ते तिथे. मी त्या उन्हात बसून रडले. मामा होडीतून ओरडत होता, काय झालं म्हणून.

आता मोघेसर. हे आमच्या डोंबिवलीच्या इतिहासप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, बोलणं स्वच्छ. त्यांनी मला पुस्तकं दिली. दर गुरुवारी घरी बसवून मोडी वाचायला शिकवलं, त्यांच्या बायकोने चहा दिला. मी त्यांना मानायचे. खोटं कशाला सांगू—वडिलांच्या जागी मानायचे. म्हणून तर चवकीवरची माझी चौतीस पानं मी त्यांच्या हातात दिली. शुद्धलेखन तपासून द्या, सर, म्हणाले. त्यांनी ती ठेवून घेतली, आणि काही महिन्यांनी एका रविवारी सभागृहात पुस्तिकेचं प्रकाशन झालं.

पुस्तिका चवकीवर. लेखक—मोघेसर.

मी उभ्या-उभ्याच पानं उलटली. वाक्यं माझी होती. काही ठिकाणी तर माझी चूकसुद्धा तशीच होती, बुरुजाच्या उंचीची, जी मला नंतर सापडलेली. एकच गोष्ट त्यांनी स्वतःहून बदलली होती. भागी कोळीण गेली होती. तिच्या जागी होतं—‘भागीरथी नावाच्या एका दानशूर स्त्रीने ही विहीर बांधली.’ आणि अगदी शेवटच्या पानावर, आभारांत, मांडववाल्याच्या खाली, माझं नाव. ‘भोजनव्यवस्था व स्थानिक माहिती: सौ. यमुनाबाई.’

भोजनव्यवस्था! आदल्या वर्षी मंडळ चवकीला आलं होतं तेव्हा मी वीस माणसांना रांधून घातलं होतं, त्याचं हे. सर माईकवरून म्हणालेही, या भगिनीच्या हातची कोळंबी ज्याने खाल्ली नाही त्याला खाडी कळलीच नाही. सगळे हसले. मीही हसले. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी टाळ्या वाजवत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्यापुढे जाऊन काय म्हणाले असेन? ‘छान झालंय, सर.’

तेव्हाच बोलले असते तर? भांडले असते, पुस्तिका त्यांच्या तोंडावर फेकली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी घरी आले, कुकर लावला, आणि राग आत मुरत ठेवला. मला तसाच राग येतो. पटकन निघून जाणारा राग मला कधी जमलाच नाही.

पुस्तिका गाजली. मग सरांच्या डोक्यात नवीन कल्पना आली. चवकीची एक दिवसाची सहल, पाऊसकाळ सोडून दर रविवारी. डोंबिवली-कल्याणच्या लोकांना लांब कशाला जायला हवं? होडीतून बेट, गळ टाकून मासेमारी, डुबी कसा बुडी मारतो त्याचं प्रात्यक्षिक, आणि सरांच्या तोंडून इतिहास. होडी मामाची. सरांनी स्वतः कोळीवाड्यात येऊन मामाशी बोलणं केलं, हे मी नाकारत नाही. मामाने होडीला नवीन रंग दिला, बसायला फळ्या ठोकल्या, म्हाताऱ्या माणसांना चढता यावं म्हणून एक छोटी शिडी केली. आणि बंदरावर सगळ्यांना सांगून टाकलं की आता मी डुबी सोडली. प्रात्यक्षिकाला एखादी बुडी, तीही काठाशी, तेवढंच. डावा कान वाचला असता. माझ्या मामाला आयुष्यात पहिल्यांदा कोरड्या अंगाने जगता आलं असतं.

हे सगळं मला माहीत होतं. नंतर कळलं वगैरे नाही—आधीपासून माहीत होतं.

पहिली सहल पौष पौर्णिमेच्या रविवारी ठरली. मंडळाची वीस-बावीस माणसं, निम्मी साठीच्या पुढची. आणि खास पाहुणे म्हणून ठाण्याच्या एका साप्ताहिकाचे संपादक, पांढराशुभ्र पायजमा-झब्बा घालून आलेले. ते छापणार, मग सहलीचं नाव होणार. जेवण माझ्याकडे होतं, हे सांगायला नकोच. मी पहाटे उठून डबे भरले होते.

साडेदहाला होडी निघाली. मामा मागे सुकाणूवर, सर पुढे संपादकांच्या शेजारी. सर त्यांना भरतीचं गणित समजावत होते. ते गणित तुम्हीही ऐकलं असेल—तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते. ‘आज पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवा—सव्वापाचला ओहोटी. म्हणजे साडेचारला निघालो तरी पाऊण तास हातात राहतो.’

ऐकताना मला हसू आलं. गणित चूक नव्हतं, पण मांडणाऱ्याला त्याचा अर्थच कळला नव्हता. सव्वापाचला ओहोटी म्हणजे सव्वापाचपर्यंत पाणी असतं आणि मग ते एकदम जातं, असं सरांना वाटत होतं, घंटा झाल्यावर शाळा सुटावी तसं! खाडीत भरती तासभर उशिरा लागते हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि भरलेलं पाणी लगेच उतरायला लागतं, पौर्णिमेच्या उधाणाला तर झपाट्याने उतरतं, दोन-अडीच तासांत चवकीच्या काठाशी नुसता चिखल उरतो, हेही नाही. आमच्याकडचं चौथीतलं पोरही ही चूक करणार नाही.

तरी सर सावध होते. म्हणाले, ‘यमुनाबाई, मामांना जरा विचारून घ्या. साडेचार ठीक आहे ना?’

मामाशी बोलायचं तर डाव्या कानाशी जाऊन ओरडावं लागायचं, आणि त्याची बोली सरांना धड कळायची नाही. म्हणून मधे नेहमी मी. मी मागे गेले, विचारलं, परत कधी निघायचं? मामाने पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘दोनला होरीन बसा गो बाय. मंग पानी नाय रव्हाचा.’

दोन. स्पष्ट. मी मान हलवली आणि पुढे निघाले. होडीची लांबी ती किती? माणसांचे गुडघे चुकवत जायला जेमतेम मिनिट लागलं असेल. मी आधी काही ठरवलं होतं का? नाही, शपथेवर नाही. पण पुढे पोचले तेव्हा सरांच्या मांडीवर ती पुस्तिका होती, संपादकांसाठी सही करत होते—‘लेखकाकडून सप्रेम.’ लेखकाकडून! आणि माझ्या तोंडून शब्द अगदी अलगद बाहेर पडले.

‘मामापण तेच म्हणतायत, सर. साडेचारला निघालो तरी चालेल.’

‘बघा!’ सर संपादकांना म्हणाले. ‘शास्त्र ते शास्त्र.’

हा माझा पहिला खोटेपणा. दुसरा याहून वाईट आहे, तो पुढे येतो. पण पहिल्याबद्दल सांगायचं तर—मला तेव्हा काय वाटलं माहितीये? आनंद. गुदगुल्या झाल्यासारखा आनंद. यांच्याच चुकीवर मी नुसती मान डोलावली होती.

बेटावर दिवस छान गेला. मामाने बांबू रोवून बुडी मारली. तो वर येईपर्यंत बायका श्वास धरून बसल्या होत्या. बादलीत रेतीबरोबर निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या भांड्याचा एक तुकडा आला, तो पाहून संपादक लहान मुलासारखे खूश झाले. कुणाच्या गळाला शिंगाळा लागला, त्यावर आरडाओरडा झाला. जेवणाची तारीफ झाली. मामा थंडीने काकडत होता. जेवल्यावर म्हणाला, मी होडीत पडतो, तुम्ही वेळेवर या. ते मला एकटीला म्हणाला. मग जाळ्याची उशी करून तो आडवा झाला, डावा कान खाली करून. चांगला कान खाली गेला की त्याला जगातलं काही ऐकू यायचं नाही. असा गाढ झोपायचा.

बाकीचे विहिरीशी जमले. सर बोलायला लागले. मी मागे उभी होते. दोन वाजले, मी घड्याळ पाहिलं. सव्वादोन. अडीच. तिवरांच्या मुळांमधून पाणी उतरत होतं, चुळचुळ आवाज येत होता, निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, उघड्या पडलेल्या काठावर उड्या मारायला लागल्या होत्या. कोळ्याच्या मुलीला हे दिसणार नाही? मी एक हाक मारली असती तरी पुरे होतं. तेव्हाही होडी तरंगत होती. सर काठीच्या टोकाने शिळा दाखवत होते. काठी ‘कोळीण’ या अक्षरांवरून फिरत होती आणि तोंडाने ते दानशूर भागीरथीबद्दल सांगत होते. मी मनात म्हटलं—बोला. अजून बोला.

तीनच्या पुढे मामा तिवरांतून धावत आला. होडी कलली तेव्हा त्याला जाग आली होती. ‘बाय, पानी गेला गो! पानी गेला!’

सगळे काठावर आले. होडी चिखलात एका अंगावर निजलेली. पाणी दूर, चाळीस-पन्नास पावलांवर, खाडीच्या मुख्य प्रवाहात. अंधार पडून बराच वेळ झाल्यावरच ते परत आलं असतं, आणि तोवर उघड्यावर बसायची म्हाताऱ्यांची तयारी नव्हती. कुणी रडकुंडीला आलं. सर म्हणाले, घाबरायचं काही कारण नाही, चिखल वरून वाळलेला दिसतोय, घट्ट आहे. आणि ते घट्ट आहे हे दाखवायला पुढे झाले.

तीन पावलं. चौथ्याला मांडीपर्यंत आत, आणि मग सपशेल आडवे. टोपी, चष्मा—मघाशी सांगितलंच. तोंड वर केलं तेव्हा नुसते डोळे पांढरे दिसत होते. संपादक आधी दचकले आणि मग हसले. मोठ्याने नाही, पण हसले. सरांनी ते ऐकलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. माझी चौतीस पानं, माझी भागी, माझी कोळंबी—सगळ्याची भरपाई झाली त्या क्षणी. मी खोटं बोलत नाही, झाली.

मामा तोवर चिखलात उतरला होता, कुठे पाय टेकतो ते त्याला ठाऊक होतं. त्याने सरांना ओढून काढलं. मग प्रवाहातून चाललेल्या रेतीच्या होडीला हाळी घालून थांबवली आणि एकेका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन तिथवर पोचवायला लागला. चार, पाच, सहा खेपा. सरांनाही त्याने पाठीवरच नेलं. सर पाठीवरून त्याला शिव्या देत होते. मूर्ख, बेजबाबदार, लोकांच्या जिवाशी खेळतोस. उजव्या कानात देत होते, त्यामुळे त्याला त्या पोचत नव्हत्या.

पण रेतीच्या होडीवर सगळे चिखलाने माखून बसले तेव्हा सरांनी त्याला समोर उभं केलं आणि ओरडून विचारलं. ‘तुम्ही साडेचार सांगितलंत की नाही?’

मामाला ऐकू आलं. तो म्हणाला, ‘मी दोन सांगलेला.’

मग सगळे माझ्याकडे वळले. संपादक, मंडळाच्या बायका, रेतीवाले, सर. ‘यमुनाबाई, काय म्हणाले होते हे?’

आता. हीच ती वेळ.

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. माझी चूक झाली, एवढे तीन शब्द. मुद्दाम केलं हेही सांगायची गरज नव्हती. विसरले म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मग सर काय म्हणाले असते? साधा निरोप पोचवता येत नाही या बाईला, हिने आपलं रांधावं! माझा सूड माझ्यावरच उलटला असता. ते मला सहन होणार नव्हतं. सरांच्या तोंडावरचा चिखल अजून ओला होता आणि तो मला तसाच राहायला हवा होता. मामाकडे मी पाहिलं नाही.

‘साडेचार म्हणाले होते,’ मी म्हटलं. एवढ्यावर थांबले का? नाही. पुढे म्हणाले, ‘त्यांना कमी ऐकू येतं ना. मी काय विचारलं ते नीट कळलं नसेल.’

मामा माझ्याकडे मान तिरकी करून बघत होता, डावा कान माझ्या दिशेने. मला वाटलं, आता भडकेल. आता म्हणेल, खोटं बोलते ही. मी त्याची वाट बघत होते. तो भडकला असता तर कदाचित—पण नाही, हे ‘कदाचित’ मी स्वतःला लावून घेणार नाही.

तो म्हणाला, ‘बाय बोलते तं तसाच आसंल. मना घरी कवा पोचू आसा ऐकू आला आसंल, मंग मी साडेचार बोललो आसंल. माजे कानाचा काय भरोसा नाय.’

त्याने माझ्यासाठी कारणसुद्धा स्वतःच शोधून दिलं. परतीच्या वाटेवर तो एका कोपऱ्यात बसून डाव्या कानात करंगळी घालून हलवत होता, पुन्हा पुन्हा. तो मला वाचवत होता असं तुम्हाला वाटेल. मलाही काही दिवस तसं वाटलं, आणि खरं सांगते, तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण पुढच्या आठवड्यात आईने सांगितलं. आई त्याला म्हणाली होती, तू पाण्याची वेळ चुकणार नाहीस, पोरीनेच काहीतरी घोळ घातला असेल. तर तो तिच्यावर चिडला. ‘यमुना खोटा कशाला बोलंल?’ म्हणाला.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या कानांपेक्षा, स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. साप्ताहिकात चार ओळी आल्या, चिखलात रुतलेल्या इतिहासकारांवर, चांगल्या खवचट. मी त्या कापून ट्रंकेत ठेवल्या. सरांचं मंडळात हसं झालं, वर्षभरात मंडळ मोडलं, ते पुण्याला मुलाकडे निघून गेले. सहली बंद पडल्या, त्या पहिल्याच फेरीत. पण मामाचं होडीवर भागलं असतं. नंतर कल्याणची काही मंडळी आपणहून आली होती, आम्हाला बेटावर न्या म्हणून. त्याने नाही म्हटलं. बंदरावरची माणसं त्याची चेष्टा करायची म्हणून नाही. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण आता माणसं न्यायच्या लायकीचे राहिलो नाही. ‘मानसां न्याची तं कान पायजे,’ म्हणाला. ‘डुबीला कान नाय लागत.’

आणि तो परत डुबीला गेला. फळ्या काढून टाकल्या, शिडी चुलीत गेली. तीन हंगाम. तिसऱ्या हंगामात डावा कानही गेला.

त्या तीन हंगामांत त्याला ऐकू येत होतं. हे मी मुद्दाम सांगतेय. तीन वर्षं त्याचा डावा कान चालू होता आणि मी दर महिन्याला माहेरी जात होते. एका वाक्याचं काम होतं. मामा, तू दोनच म्हणाला होतास. बस. तो डुबी सोडून दुसऱ्या दिवशी होडीला रंग लावायला बसला असता. मी का नाही बोलले? घरात माणसं असायची, तो थकलेला असायचा, माझी गाडी चुकायची—असल्या सबबी मी तेव्हा स्वतःला देत असे. मला त्याच्या डोळ्यांत माझी जागा घालवायची नव्हती, एवढंच खरं आहे.

नव्वदच्या पुढे पंप आले. रेती यंत्राने निघायला लागली आणि डुबीची गरज संपली. मामा ओट्यावर बसून राहायला लागला. ठार बहिरा. समोरच्याचे ओठ बघून त्याला बरंच कळायचं, माझं तर सगळंच कळायचं.

एका दुपारी मी त्याच्या शेजारी ओट्यावर बसले होते. घरात कुणी नव्हतं. मी खाडीकडे तोंड केलं, त्याला माझे ओठ दिसणार नाहीत असं, आणि सगळं बोलले. पुस्तिका, भोजनव्यवस्था, दोन, साडेचार. पहिल्यांदा मोठ्याने. याला सांगणं म्हणायचं का? तुम्हीच बघा. बोलून झाल्यावर त्याने माझ्या खांद्याला हात लावला. माझा गाल हललेला त्याला दिसला असावा.

‘काय बोलली गो?’

मी त्याच्याकडे वळले. आता त्याला ओठ दिसत होते. त्याने माझ्या तोंडाकडे नजर लावली होती, एकही शब्द सुटू नये म्हणून.

‘ऊन आलंय,’ मी म्हटलं. ‘आत चल.’

तो उठला आणि आत गेला. त्यानंतर चार वर्षं जगला. शेवटपर्यंत कुणी चवकीचा विषय काढला की तो हाताने कान दाखवायचा आणि हसायचा—माझ्या कानांनी मला त्या दिवशी फसवलं, असं सगळ्यांना सांगायचा. मी तिथेच बसलेली असायचे. मी सांगू दिलं.